पेटीत काय निघेल

५ जानेवारी, रविवार

तेजलने आज माझ्या जुन्या टॅबलेटवर तिच्या कंपनीचा गेम घालून दिला. 'गढी' त्याचं नाव. चार-चार जणांच्या तुकड्या एका पडक्या गढीत शिरतात आणि एकमेकांवर गोळ्या झाडतात. त्रेसष्टाव्या वर्षी मी हे का शिकायचं, याचं कारण तिने अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. "आई, तुला मिक्सरची बटणं कळत नाहीत. तुला ही कळली तर जगात कुणालाही कळतील."

तिचं काम त्यातल्या सजावटीचं. माणूस कसा दिसेल, काय नेसेल, बंदुकीला कुठला दस्ता, कुठली नळी, कुठला रंग. एकेक भाग खेळून मिळवायचा आणि आपल्या मनासारखा जोडायचा. मी माझी बाई घडवली. पांढरा अंबाडा, चष्मा, नऊवारी. तेजल हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. पण नऊवारी तिनेच तर रेखाटून ठेवली होती त्यात! "दोन वर्षांत कुणी घेतली नाही गं ती," म्हणाली. "मी घेतली," म्हटलं.

पहिल्याच खेपेला अर्ध्या मिनिटात मेले. ज्याने मारलं त्याला मी मोठ्याने सॉरी म्हणाले. कॉन्व्हेंटची सवय.

९ जानेवारी, गुरुवार

रोज दुपारी चारला खेळते. कुणाला सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिते.

मला एका टोळीत घेतलं आहे, साठ जणांच्या. बरीचशी चाकणच्या कंपन्यांतली मुलं. पहिली पाळी सुटली की कंपनीच्या बसमध्ये बसल्या बसल्या खेळतात. टोळीचा म्होरक्या कुलदीप, राजगुरुनगरचा. माझी नऊवारी बघून त्याने गेममधल्या माइकवरून विचारलं, "काकू, खरंच काकू आहात का कुठलं पोरगं मस्करी करतंय?"

"त्रेसष्ट पूर्ण," मी म्हटलं.

"मग तुम्ही भिंतीआड थांबा. मारामारी आमच्याकडे. तुम्ही फक्त जखमींना पट्ट्या बांधा."

तेव्हापासून मी पट्ट्या बांधते. माझे बाबा देहूरोडला दारूगोळ्याच्या कारखान्यात कारकून होते, आणि उभ्या आयुष्यात त्यांनी साधी एअरगन हातात धरली नाही. त्यांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते!

कुलदीपने त्याची बंदूक दीड वर्ष लावून जोडली आहे. दस्ता फिकट निळा, त्याच्या वडिलांच्या जुन्या स्कूटरच्या रंगाचा. त्या मुलाने आज विचारलं, "काकू, गाव कुठलं तुमचं?" मूळ परांड्याकडचं, लहानपण देहूरोडचं, आता रावेत. कुणी गाव विचारलं की माणूस जवळचं वाटतं.

१२ जानेवारी, रविवार

तेजल दोन दिवस नीट जेवत नाही. आज बोलली. बुधवारपासून गेम बदलणार. मनासारखं जोडणं बंद. लोकांनी आजवर मिळवलेले सगळे भाग एका ढिगात जाणार आणि प्रत्येक सामन्यानंतर एक बंद पेटी मिळणार. तिच्यातून जे निघेल ते निघेल. पेट्या विकतही मिळणार, म्हणून तर सगळा खटाटोप.

मी म्हटलं, "मग त्यात वाईट काय? मजाच आहे की." आमच्या शाळेत नाताळच्या आधी जत्रा भरायची. सिस्टर अँजेला भुशाने भरलेलं एक मोठं पिंप ठेवायची. हात घालायचा आणि कागदात गुंडाळलेलं जे हाताला लागेल ते आपलं. हात भुशात असतानाचा तो क्षण मला अजून आठवतो. एकदा मला तुटक्या बिजागरीची डबी मिळाली होती. ती मी लग्न होईपर्यंत जपली.

"आई, पिंपात हात घालायच्या आधी सिस्टरने तुझं दप्तर रिकामं करून त्यातलं सगळं पिंपात ओतलं असतं तर?"

मी तिच्या ताटात भाकरी वाढली, तिने ती परत ठेवली. तेजल म्हणाली, "मी मीटिंगमध्ये शेवटपर्यंत नाही म्हणत होते. आणि आता जाहिरातीच्या व्हिडिओत मलाच उभं केलं आहे. सजावट माझ्याकडे म्हणून चेहरा माझा." बाहेर काही बोलायची सोय नाही, नोकरीवर घेताना तसं लिहून घेतलं आहे.

मग जरा हसली. "तुम्ही बायका वाण लुटता, आम्ही पेट्या लुटायला लावतो. फरक एवढाच, की तुमच्याकडे सगळ्यांना सारखंच मिळतं."

१३ जानेवारी, सोमवार

भोगी. बाजरीच्या भाकरी, मिसळीची भाजी.

हळदीकुंकू चोवीस तारखेला, शुक्रवारी करायचं ठरवलं. तेजलचे वडील गेल्यावरही मी ते सोडलं नाही. वाण म्हणून कापडी पिशव्या शिवते आहे, चाळीस झाल्या. कुलदीपच्या बहिणीचं नुकतंच लग्न झालं आहे, चिंचवडला असते, असं तो बोलला होता. नव्या नवरीला बोलावलंच पाहिजे. टोळीचा एक फळा असतो, तिथे कुणी काही लिहिलं की सगळ्यांना दिसतं. म्हटलं, एकट्या कुलदीपला बोलावलं तर बरं दिसणार नाही. सगळ्यांनाच लिहिलं: आपापल्या आया-बहिणींना, बायकांना जरूर पाठवा. सिस्टरने शिकवलं होतं तसं नीट लिहिलं. नाव, जलतरंग सोसायटी, ए विंग, पाचवा मजला, फ्लॅटचा नंबर, पिनकोड, तारीख, वेळ. पाच-सहा जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकाने लिहिलं, "माई, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत."

दिवसभर बरं वाटत राहिलं.

१५ जानेवारी, बुधवार

बदल आला. माझी नऊवारी गेली. पेटीतून गुलाबी टोपी आणि कुणाचे तरी लष्करी बूट निघाले. मला हसू आलं. पण कुलदीप हसला नाही. त्याची बंदूक गेली होती.

"काकू, कंपनीत सकाळी जाऊन उभं राहायचं. सुपरवायझर बोट दाखवील त्या लाइनवर जायचं. आज वेल्डिंग, उद्या पॅकिंग. जे हातात देतील ते चालवायचं. इथं एक वस्तू होती माझ्या मनाची."

व्हिडिओ पाहिला. तेजल हिरव्या कुर्त्यात उभी राहून म्हणते, "आता प्रत्येक सामन्यानंतर एक नवं सरप्राइज!" तिचं हसू खोटं आहे हे मला दिसतं. इतरांना नाही दिसत. खाली लोकांनी जे लिहिलं आहे ते मी इथे उतरवत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

आज तेजलने फोन माझ्यापासून लपवला. मी मागितला. दिला नाही. मी पुन्हा मागितला, लहानपणी खोटं बोलायची तेव्हा मागायचे त्या आवाजात.

शेकडो निरोप. शिव्या मी वाचू शकले. पण एकात शिवी नव्हती. "तू आमच्या घरात शिरून आमच्या वस्तू नेल्यास. तुझं घर कुठं आहे?" बस, एवढंच. 

पोलीस चौकीवर जाऊन आलो. तिथल्या मुलीने सगळं नीट लिहून घेतलं आणि म्हणाली, पत्ता, फोन, काहीही कुठे देऊ नका. तेजलने सांगितलं की तिने स्वतःची सगळी खाती आधीच बंद केली आहेत. ती सावध आहे. माझी मुलगी पहिल्यापासूनच सावध.

घरी येताना म्हणाली, "आई, तूही तो गेम काढून टाक. निदान माझं नाव तिथे काढू नकोस."

१९ जानेवारी, रविवार

मी तिचं ऐकलं नाही. लिहून टाकते.

दुपारी टोळीच्या फळ्यावर मुलं तिच्याबद्दल जे लिहीत होती ते वाचवेना. त्यात आमचीच मुलं होती, जिला माई म्हणतात तिच्यासमोर लिहिणारी. मी लिहिलं: "मुलांनो, ज्या मुलीला तुम्ही बोल लावता ती माझी लेक आहे. ती शेवटपर्यंत याच्या विरोधात होती. ती तुमच्याच बाजूची आहे."  मग कुलदीपने लिहिलं, "माई, हे पुसून टाका." कसं पुसायचं ते मला येत नाही. त्यानेच पुसलं बहुतेक, नंतर दिसलं नाही.

पण मुलं गप्प झाली. खरं सांगितलं की माणसं ऐकतात.

२२ जानेवारी, बुधवार

तीन दिवस एकही घाणेरडा निरोप नाही. तेजल आज दोन पोळ्या जास्त जेवली. माझ्या बोलण्याचा परिणाम, असं मला वाटतं. तिला सांगितलं नाही. उगाच रागावेल.

हळदीकुंकू रद्द करूया का, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, बायकाच तर येणार.

२४ जानेवारी, शुक्रवार

पाठ मोडली, पण किती छान झालं! साडेपाच ते आठ दार उघडंच होतं. पन्नास बायका आल्या असतील, पिशव्या कमी पडल्या. वॉचमन खंडूला सकाळीच सांगून ठेवलं होतं, आज कुठल्याही बाईला गेटवर थांबवून नाव लिहायला लावू नकोस, सणाचं बरं दिसत नाही. त्याची बायको शालनबाई आमच्याकडे भांडी-फरशी करते, ती दिवसभर माझ्या हाताखाली होती.

सी विंगच्या बायकांनी उखाण्यांचा धुमाकूळ घातला. एक सडपातळ मुलगी आली होती, मोरपिशी साडीतली. बी विंगला नवे भाडेकरू आले आहेत त्यांची सून असावी. फारसं बोलली नाही, लाजत होती. कुंकू लावताना तिचं कपाळ गार लागलं. हात धुवायचे होते, मी आतलं बाथरूम दाखवलं. तिळगूळ घेतला, वाकून नमस्कार केला. आजकाल कोण वाकतं!

तेजल मुद्दाम ऑफिसात थांबली. गर्दी नको म्हणाली.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी तेजलच्या ऑफिसच्या ईमेलवर एक फोटो आला.

तिची खोली. तिचं टेबल, खुर्चीवर टाकलेली तिची ओढणी, भिंतीवरचा तिचा आणि तिच्या वडिलांचा फोटो. खाली लिहिलं होतं: "एक पेटी उघडली. पुढच्या पेटीत काय निघेल?"

तेजल उभी होती ती खाली बसली. मी सगळी दारं लावली. मग कपाटं उघडून पाहिली. मग पलंगाखाली पाहिलं. आता घरात कुणी नाही हे कळत असूनही पाहिलं. बी विंगच्या नव्या भाडेकरूंना विचारून आले, त्यांना सूनच नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर कमिटीने खंडूला बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, परक्या बाईला आत सोडलंच कसं, रजिस्टर का नाही भरलं?

खंडू माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुमीच सांगितलं व्हतं न्हवं? आज कुनाला अडवायचं न्हाई म्हनून."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणाले, "मी आपल्या बायकांबद्दल बोलले होते."

त्याने टोपी काढून हातात घेतली. त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी येऊन प्रार्थना म्हटली, शाळेतली इंग्रजी, जी मला अजून पाठ आहे. मधल्या दोन ओळी आठवल्या नाहीत.

२७ जानेवारी, सोमवार

शालनबाई आली नाही. मी भांडी घासली.

२९ जानेवारी, बुधवार

त्या बाईला फ्लॅटचा नंबर कसा कळला? तेजल हेच पुन्हा पुन्हा विचारते. भिंतीला विचारते, मला नाही. "आई, माझा पत्ता कुठेच नाही. मी तीनदा शोधलं. कुठेच नाही."

दुपारी चारला मी टॅबलेट उघडला. फळा वर वर सरकवत गेले. तेरा तारीख. माझंच लिहिणं. जलतरंग सोसायटी, ए विंग, पाचवा मजला.

मी ते किती सुबक लिहिलं होतं.

कुलदीपला विचारलं, तुझी बहीण आली होती का? लगेच उत्तर आलं. "नाही माई. तिची सेकंड शिफ्ट होती. का?" मी सांगितलं.  मग त्याने माइक सुरू केला, बसचा आवाज मागे होता. "माई, मी न्हाई. आईशप्पथ. पण टोळीत साठ जण आहेत. मला त्यातल्या दहांचीसुद्धा खरी नावं माहीत नाहीत."

"मग तू साठ जणांचा म्होरक्या कसला रे?" मी ओरडले. मी आजवर कुणावर असं ओरडले नव्हते.

"गेमचं मशीन आपोआप भरतं माई. जागा रिकामी दिसली की मशीन कुणालाही घालतं."

त्याच्यावर विश्वास ठेवावा असं वाटतं. पण विश्वास ठेवण्याबाबत मला आता काय कळतं!

३० जानेवारी, गुरुवार

सांगितलं नाही. तिच्या डब्यात गूळपोळी दिली.

३१ जानेवारी, शुक्रवार

आजही नाही. जिन्यात कुणी चालतं तरी मी दाराच्या भोकातून बघते. गॅसवाला आला तर दार न उघडता परत पाठवला. मोरपिशी रंग दिसला की मी मागे फिरते, काल भाजीवालीच्या ताडपत्रीवरून फिरले. तिच्या कपाळाला लागलेलं माझं बोट मी चार वेळा साबणाने धुतलं आहे.

खरी भीती वेगळीच आहे. तेजल माझ्याकडे कशी बघेल, ही. लेकीच्या जिवाच्या आधी मला माझं तोंड दिसतं आहे. हे वाचणारं कुणी नाही म्हणून लिहिते.

१ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा फोटो आला. खाली पार्किंगमधली तिची स्कूटर, सीटवर ठेवलेली माझी कापडी पिशवी. वाणाची. मी शिवलेली.

तेव्हा सांगितलं. निमंत्रण, फळा, एकोणीस तारखेचं लिहिणं, खंडूला दिलेली मुभा, कमिटीतलं खोटं. एका दमात, उभ्यानेच, कन्फेशनच्या जाळीसमोर मैत्रिणी सांगायच्या तसं.

मला वाटलं ओरडेल. तिने फक्त विचारलं, "सगळा पत्ता?"

"पिनकोडसकट."

ती हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे हलू लागले, आणि मला उशिरा कळलं की ती रडते आहे. मी जवळ गेले तर म्हणाली, "आई, आत्ता नको."

चौकीवर परत गेलो. मी माझं सगळं लिहून दिलं. त्या मुलीने एकदाही वर पाहिलं नाही, ते बरं झालं. पिशवी ठेवून घेतली. म्हणाली, काही दिवस तेजलताईंनी दुसरीकडे राहिलेलं बरं.

३ फेब्रुवारी, सोमवार

तेजल गेली. दोन बॅगा. ऑफिसचं काम तिथूनच करणार.

"कुठे?" मी विचारलं.

ती बॅगेची चेन लावत होती. लावून झाल्यावर पुन्हा उघडली, पुन्हा लावली. "आई, मी रोज संध्याकाळी फोन करीन."

मी पुन्हा विचारलं नाही. तिच्या जागी मी असते तर मीही मला सांगितलं नसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सेक्रेटरींना चिठ्ठी लिहून दिली, की खंडू खरं बोलत होता आणि मी खोटं. त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचली. "आता नवा माणूस ठेवला मॅडम," म्हणाले. चिठ्ठी सूचनाफलकावर लावा असं मी सांगितलं. लावली. लिफ्टसाठी थांबलेल्या बायका वाचतात आणि मी आले की मोबाइल बघतात.

मग शालनबाईच्या खोलीवर गेले, किवळ्याला. खंडूला देहूरोडकडे एका गोदामावर काम लागलं आहे, निम्म्या पगारात. मी दारातच उभी राहून बोलले. त्याने सगळं ऐकलं.

"ताई, तवाच बोलला असता तर," म्हणाला.  शालनबाईने पाणी दिलं. बस म्हणाली नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेम काढून टाकला. त्याआधी कुलदीपचा निरोप आला होता. त्याने टोळी मोडली. "साठ माणसं कोण हे मलाच माहीत नसंल तर कशाची टोळी, माई." चौकीने त्यालाही बोलावलं होतं, पाळी बुडवून गेला. नावं मागितली, त्याला सांगता आली तेवढी सांगितली. ती मोरपिशी मुलगी अजून सापडलेली नाही.

मी उत्तर दिलं नाही. निरोप तीनदा वाचला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

रोज सातला फोन येतो. जेवलीस का, औषध घेतलंस का, दार लावलंस का. आम्ही दोघी जपून बोलतो, दोन परक्या माणसांसारख्या. कंपनीत पेट्या बंद करायचं चाललं आहे म्हणे, लोक फारच सोडून गेले. तिला पुन्हा सजावटीला बसवलं आहे. "नऊवारी परत गेममध्ये घालू का गं?" तिने विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात तेजल होती.

मी उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या मागून एक आवाज आला. उघड्या खिडकीतून आला असावा. दोन-तीन सेकंदच. पण तो आवाज मी ओळखते. पुणे जिल्ह्यात तो एकाच ठिकाणी ऐकू येतो, आणि दिवसाच्या याच वेळेला.

माझ्या लेकीचं ठिकाण मला कळलं. इतके दिवस रोज देवाजवळ मागत होते की नुसतं कळू दे, आणि आता कळलं तर वाटतं, कळायला नको होतं. उद्या भाजीवाली विचारील, तेजल दिसत नाही हल्ली? परवा कुणी विचारील, कुठे असते? माझी जीभ मी त्रेसष्ट वर्षं ओळखते.

"तेजू," मी म्हटलं, "यापुढे खिडकी लावून फोन करत जा."

 मग खिडकी लावल्याचा आवाज आला, आणि कडी घातल्याचा.

तो आवाज कसला होता, ते इथे लिहीत नाही.